आधी ३.९, आता ३.१: पिशवीचं तोंड खरंच आखूड झालंय का?

पत्र: मी २९ वर्षांची आहे. दुसऱ्यांदा दिवस गेलेत. पहिली मुलगी चार वर्षांची, ३९व्या आठवड्यात नॉर्मल झाली. मध्ये गर्भपात वगैरे काही नाही. या वेळी तेराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी ३.९ सें.मी. लिहिली होती. आता विसाव्या आठवड्यात ती ३.१ आली. म्हणजे सात आठवड्यांत ८ मिलिमीटर कमी! 'आतलं तोंड बंद' असं रिपोर्टवर आहे, पण डॉक्टरांनी तपासताना 'बाहेरचं तोंड बोटाच्या टोकाएवढं सैल आहे' असंही म्हटलं. माझ्या मोठ्या जावेला गेल्या वर्षी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता. सासूबाई म्हणतात, तूही घालून घे आणि तोवर पलंगाच्या पायथ्याला विटा लावून पडून राहा. गेल्या आठवड्यात संबंधांनंतर दोनदा पुसटसं लाल दिसलं, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. घरातलं शौचालय देशी आहे, आता तिथे बसायचीही भीती वाटते. दोन्ही रिपोर्ट सोबत पाठवतेय. टाका घालून घेऊ का? (एक वाचक, जि. सोलापूर)

सल्ला:

ताई, तुमच्या रिपोर्टांत टाका घालण्यासारखं काही नाही, आणि त्या विटाही काढून टाका. तुमच्या पत्रातली एकच गोष्ट डॉक्टरांच्या कानावर लगेच घालायला हवी, आणि नेमकी तीच तुम्ही मनात ठेवली आहे: संबंधांनंतर दिसलेलं लाल. बहुतेक ते साधंच निघेल, का ते पुढे येईलच. पण तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल किंवा वार खाली असेल, तर त्या दोन डागांचा अर्थ बदलतो. म्हणून उद्याच फोन करा.

आता ८ मिलिमीटरचा हिशोब. तुमचा पहिला रिपोर्ट नीट पाहा: ती सोनोग्राफी पोटावरून केलेली आहे, आणि त्याआधी तुम्हाला भरपूर पाणी पाजलेलं असणार. दुसरी खालून, म्हणजे योनीमार्गातून केलेली आहे, लघवी करून आल्यावर. एकच खोली एकदा पावलांनी मोजायची, एकदा टेपने, आणि मग खोली आखडली म्हणायचं, तसं हे झालं. लघवीची पिशवी भरलेली असली की ती गर्भपिशवीच्या खालच्या भागाला पुढून दाबते. तिथल्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पडद्यावर तोंडाचाच भाग वाटतात. लांबी वाढून दिसते ती अशी. आतलं तोंड थोडं उघडलं असेल तर तेही या दाबाखाली झाकून जातं. म्हणजे पोटावरून घेतलेला आकडा चुकतो तो बहुधा दिलाशाच्या बाजूने.

तेराव्या आठवड्याचा आणखी एक घोटाळा आहे. गर्भपिशवीचं मुख्य अंग आणि तोंड यांच्यामध्ये एक चिंचोळा पट्टा असतो, दिवस जाण्याआधी जेमतेम अर्धा सें.मी. लांबीचा. गर्भ वाढतो तसा हा पट्टा ताणून उलगडतो आणि पिशवीचा खालचा भाग बनतो. (सिझर करताना छेद घेतात तो याच भागावर.) चौदाव्या आठवड्याच्या आत तो अजून पुरता उलगडलेला नसतो, त्यामुळे तोंड कुठे संपलं आणि पिशवी कुठे सुरू झाली हे सोनोग्राफीत वेगळं काढणं अवघड जातं. ३.९ मध्ये तोही मोजला गेला असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा पहिला आकडा विसरा. तुमची खरी मोजणी एकच झाली आहे, ३.१.

ते मोजलं काय, हे कळायला त्या अवयवाची घडण डोळ्यांपुढे हवी. वैद्यकातला शब्द आहे ग्रीवा, म्हणजे मान, आणि तो अगदी चपखल आहे. गर्भपिशवी ही उलट्या धरलेल्या नासपतीसारखी कल्पिली, तर खालचा निमुळता भाग म्हणजे ही मान. ती साधारण तीन ते चार सें.मी. लांब आणि अडीच सें.मी. जाड असते. तिचा वरचा निम्मा भाग पोटात, लघवीच्या पिशवीमागे असतो. खालचा निम्मा योनीमार्गात डोकावतो, डॉक्टरांच्या बोटाला लागतो तो हाच. आतून आरपार एक बारीक नळी जाते. नळी पिशवीत उघडते ते आतलं तोंड, योनीमार्गात उघडते ते बाहेरचं. 'पिशवीचं तोंड' हा एकच शब्द आपण तिन्हींना वापरतो, आणि अर्धी घबराट तिथूनच सुरू होते.

तुमचंच उदाहरण घ्या. बाळंतपण न झालेल्या बाईचं बाहेरचं तोंड टाचणीच्या डोक्यासारखं, गोल असतं. एकदा बाळ खालून झालं की ते आडव्या चिरेसारखं होतं आणि तसंच राहतं, ओठ किंचित विलग असल्यासारखं. दुसऱ्या खेपेला बोटाचं टोक त्यात सहज जातं. याला तोंड 'उघडलं' म्हणत नाहीत. बाळाला आत धरून ठेवायचं काम आतलं तोंड आणि त्याखालच्या नळीची लांबी करते. तुमच्या रिपोर्टात आतलं तोंड बंद आहे आणि खाली ३.१ सें.मी. बंद नळी आहे. बाहेरचा उंबरठा झिजला म्हणून आतलं दार उघडं पडत नाही.

३.१ हा आकडा कुठे बसतो? अमेरिकेत सुमारे २,९०० गरोदर स्त्रियांच्या तोंडाची लांबी खालून मोजून केलेला एक मोठा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २४व्या आठवड्याला सरासरी लांबी ३.५ सें.मी. होती, २८व्या आठवड्याला ३.४ च्या आसपास. खालच्या दहा टक्क्यांची रेघ २४व्या आठवड्याला सुमारे २.६ वर पडली. आज १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान २.५ किंवा त्याहून कमी असेल तर 'आखूड' म्हणतात. उंची जशी कुणाची पाच फूट, कुणाची साडेपाच, तसंच हे: ३.१ ही आखूड नव्हे, तुमची लांबी आहे. शिवाय त्याच अभ्यासात २.५ च्या आतल्या स्त्रियांपैकीही दर पाचांमागे चौघी ३५ आठवड्यांच्या पुढे गेल्या. आखूड तोंड म्हणजे लवकर बाळंतपणाची तारीख ठरली असं नाही. धोका वाढतो, एवढंच.

पुढे कधी पुन्हा मोजायची वेळ आली तर मोजणी कशी व्हायला हवी ते माहीत असू द्या, कारण दोन-तीन मिलिमीटरची चूक हातानेच होते. लघवी करून, गुडघे वाकवून झोपायचं. सोनोग्राफीचा कव्हर घातलेला पातळ दांडा, म्हणजे प्रोब, योनीमार्गात हलकेच सरकवतात. मग तो थोडा मागे घेतात आणि चित्र स्पष्ट राहील इतपतच टेकवून ठेवतात. इथेच घाई नडते: प्रोब दाबून धरला की तोंडाचा पुढचा ओठ चेपतो आणि लांबी खोटीच वाढते. चांगल्या चित्रात पुढचा आणि मागचा ओठ सारख्याच जाडीचे दिसतात, आणि तोंडाने पडद्याचा बराचसा भाग व्यापलेला असतो. आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत, नळीच्या रेघेवरून, तीनदा मोजतात आणि सगळ्यात कमी आलेला आकडा लिहितात. सरासरी काढत नाहीत. या सगळ्याला तीनेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ थांबून पाहायचंच असतं, कारण काही वेळा बघता बघता आतलं तोंड उघडतं आणि मिटतं. दुखत नाही, बाळाला काही होत नाही, वार खाली असली तरीही प्रोब तोंडाच्या आत जात नाही. सोबत बाई कर्मचारी हवी असेल तर सांगा, तो तुमचा हक्क आहे.

आतून तोंड उघडायला लागतं तेव्हा चित्रात नरसाळं दिसतं. आधी आतलं तोंड आणि नळी मिळून टी अक्षरासारखी, मग वायसारखी, मग व्ही, शेवटी यू. पाणमोट त्या नरसाळ्यात उतरते. डॉक्टर नरसाळं मोजत नाहीत, त्याच्या खाली उरलेली बंद नळी मोजतात. तुमच्या चित्रात सरळ टी आहे.

आता तो अवयव बाळाला नऊ महिने धरून कसा ठेवतो आणि मग एका दिवसात दहा सें.मी. कसा उघडतो, हे पाहू. इथेच बहुतेक समज उलटे आहेत. पिशवीचं अंग स्नायूंचं असतं, आवळतं-सैल होतं. मान तशी नाही. तिच्यात स्नायू सरासरी १० ते १५ टक्केच, आतल्या तोंडापाशी थोडे जास्त. बाकी सारा कोलॅजेनचा बांधा. पीळ घट्ट असलेल्या काथ्याच्या दोरखंडासारखा. म्हणून ती मनाने आवळता येत नाही, कसल्या व्यायामाने 'मजबूत' होत नाही आणि जोरात शिंकल्याने सुटतही नाही. दोरखंड भिजला की तंतू फुगतात, पीळ सैल पडतो, आणि तीच दोरी हाताला मऊ लागते. गरोदरपणात मानेचं नेमकं हेच होतं, फक्त महिनोन् महिने, कणाकणाने.

सुरुवात दिवस गेल्यावर लगेच होते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास बोटाला फरक कळतो. आपल्या नाकाचं टोक चिमटीत धरा: गरोदर नसताना मान तशी लागते. आता खालचा ओठ धरा: गरोदरपणात ती अशी होते. रक्तपुरवठा वाढून रंग गुलाबीचा निळसर-जांभळा होतो. जुन्या डॉक्टरांनी लघवीच्या चाचण्या नव्हत्या तेव्हा दिवस गेल्याचं ओळखलं ते या दोन खुणांवरून. मऊ झाली तरी ती लांब आणि बंद राहते, हा या अवयवाचा खरा कसब. तंतूंमधल्या गाठी सावकाश कमी होतात, पण प्रोजेस्टेरॉन हा हार्मोन उघडण्याची प्रक्रिया रोखून धरतो. शेवटच्या आठवड्यांत त्याचा धाक कमी पडतो, हायलुरोनिक आम्ल आणि पाणी तंतूंमध्ये शिरतं, मान मऊ करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात, पांढऱ्या पेशी कोलॅजेन कुरतडतात, आणि दोरखंड उसवतो.

याच काळात नळीतल्या ग्रंथी घट्ट, चिकट, शेंबडासारखा स्राव करतात आणि त्याचं बूच नळीत बसतं. त्यात जंतूंशी लढणारे घटक असतात. बाटलीला बूच असतं तसं ते बाळाला अडवत नाही. खालून वर चढणाऱ्या जंतूंना अडवतं.

आणि तुमचं ते लाल. नळीच्या आतलं अस्तर नाजूक, एका थराचं, लालसर असतं. बाहेरच्या ओठावरचं जाड, बहुथरी. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे तोंड किंचित फुलतं आणि आतलं नाजूक अस्तर बाहेर डोकावतं, आतला कपडा बाहीबाहेर यावा तसं. त्याला धक्का लागला की पाझरतं: संबंधांनंतर, आतून तपासल्यावर, कधी कुंथल्यावर. पांढरं जास्त जातं तेही यामुळे. दवाखान्यात कुणी 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' म्हणालं तर बहुधा हेच असतं. ती जखम नाही, आणि गरोदरपणात तिथे शेक देऊन जाळायचं तर मुळीच काही नाही. पण 'हेच असेल' हे तुम्ही घरी ठरवायचं नाही. डॉक्टर स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून पाहायचं साधन) लावून एकदा डोळ्यांनी पाहतील, जंतुसंसर्ग किंवा मांसाचा लहान कोंब आहे का बघतील. विसाव्या आठवड्याच्या रिपोर्टात वार कुठे आहे ते लिहिलेलं असतं, ती ओळ त्यांना वाचून दाखवा. तोंडाची पॅप तपासणी (कॅन्सरची चाहूल घेणारी) कधीच झाली नसेल तर तेही सांगा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, ते त्यांना ठरवू द्या. वार वर असेल आणि तोंड ठीक दिसलं तर संबंधांना बंदी नाही. आणि लाजू नका, हे त्यांच्याकडे रोज येतं.

टाक्याकडे येऊ. जावेला घातला तो का घातला, हे विचारलंत? तिचं आधीचं बाळ पाचव्या-सहाव्या महिन्यात, कळा न येता, गेलं असेल तर टाक्याचं कारण तिच्या इतिहासात होतं. तुमच्या इतिहासात ३९ आठवड्यांचं बाळंतपण आहे. तुमच्या मानेने एकदा परीक्षा दिली आणि पहिल्या श्रेणीत पास झाली. याहून मोठा पुरावा सोनोग्राफी देऊ शकत नाही.

या टाक्याचं आपल्या भागाशी नातं आहे. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ साली ही शस्त्रक्रिया मांडली. लघवीची पिशवी वर सरकवून, आतल्या तोंडाच्या जवळ, अस्तराखालून त्यांनी टाका नेला. सुरुवातीला त्यासाठी मांडीतल्या जाड आवरणाची पट्टी वापरली. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत दिली: अस्तर न उचलता मानेभोवती चार-पाच ठिकाणी सुई घालून बटव्याच्या नाडीसारखं आवळायचं. आज बहुतेक ठिकाणी ही दुसरी पद्धत वापरतात, आणि जगभरच्या पुस्तकांत 'शिरोडकर टाका' हे नावही अजून आहे.

टाका तीन प्रसंगी घालतात. आधी असे गर्भ पुन्हापुन्हा गेले असतील तर १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास, लांबी न बघता. आधीचं एक बाळंतपण ३४ आठवड्यांच्या आत झालं असेल आणि या खेपेला २४ आठवड्यांच्या आत लांबी २.५ खाली गेली, तर तेव्हा. आणि तिसरा, तोंड उघडून पाणमोट दिसू लागल्यावरचा, घाईचा. तो कठीण, यशाची खात्री कमी. आधी भूल, मग सुई, मग संसर्ग, रक्तस्राव, पाणमोट फुटण्याचा थोडा पण खरा धोका; ३६-३७ आठवड्यांना काढायचा, आणि कळा आधी सुरू झाल्या तर लगेच, नाहीतर मान फाटते. विनाकारण घालायची ही गोष्ट नाही. जुळी असतील तर लांबी कमी दिसली म्हणून सरसकट टाका घालत नाहीत. तिथला हिशोब वेगळा.

आणि इतिहास काही नाही, पण लांबी २.५ च्या आत आली, तर पहिला उपाय टाका नाही: रोज रात्री योनीमार्गात २०० मि.ग्रॅ. प्रोजेस्टेरॉनची गोळी, ३६ आठवडे पुरे होईपर्यंत. 'खबरदारी म्हणून' सगळ्यांना देतात ते हे नव्हे. तुम्हाला ते आत्ता लागत नाही. तोंडावर आधी शस्त्रक्रिया झालेल्यांचं (कोन बायोप्सी, म्हणजे तोंडाचा शंकूसारखा तुकडा काढणं, वगैरे) किंवा जन्मतः पिशवीची घडण वेगळी असलेल्यांचं तोंड मात्र दर दोन आठवड्यांनी, १६ ते २४ आठवड्यांपर्यंत, मोजत राहणं योग्य.

विटांचं. पलंगाचा पायथा उंच केल्याने बाळ वर सरकून मानेवरचा भार हलका होईल, हा तर्क ऐकायला बरा वाटतो. पण मान आखूड होते ती कोलॅजेन बदलल्याने, वजनाने नव्हे, आणि झोपून राहिल्याने बाळंतपण लांबतं असं आजवर दिसलेलं नाही. उलट आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होते, स्नायू-हाडं झिजतात, बद्धकोष्ठ होतं. सासूबाईंच्या मायेला नकार द्यायचा नाही: दुपारी तासभर डाव्या कुशीवर पडा, जड हंडे-बादल्या त्यांना उचलू देऊ नका, तुम्हीही उचलू नका. बाकी चालणं, जिना, घरची कामं चालू ठेवा. देशी शौचालयात उकिडवं बसल्याने तोंड उघडत नाही. घसरून पडायची भीती खरी आहे, म्हणून फरशी कोरडी ठेवा आणि भिंतीला एक दांडा बसवून घ्या.

पुढे काय काय होईल तेही आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे सातव्या महिन्यात नवं पत्र लिहावं लागणार नाही. २८ आठवड्यांनंतर लांबी आपसूक कमी होत जाते. ३४व्या आठवड्याला २.४ आली तर ती बातमी नाही. तेव्हा पुन्हा मोजायचा आग्रह धरू नका. २४ आठवड्यांनंतर, कळा किंवा दुसरी तक्रार नसताना, त्या आकड्यावरून कोणी काही वेगळं करणार नाही.

शेवटच्या महिन्यात मान मागून, पाठीच्या बाजूने, पुढे सरकते, आणि आखूड होते. मोदकाची पारी करताना उकडीचा गोळा जाड असतो, अंगठ्याने दाबत नेलं की जाडी कडेला पसरून पारी पातळ होते. मानेची जाडी तशीच वर पिशवीच्या भिंतीत ओढली जाते. पहिलटकरणीची मान आधी पुरी पातळ होते, मग उघडते. तुमची दुसरी खेप: पातळ होणं आणि उघडणं सोबतच चालेल, आणि ३७-३८व्या आठवड्याला 'दोन बोटं उघडलंय' असं कोणी म्हणालं तरी कळा दोन आठवड्यांनी येऊ शकतात. बूच पडतं तेव्हा रक्ताची रेघ असलेला चिकट गोळा दिसतो. ३७ आठवडे झाले असतील तर बॅग भरा, पळापळ नको. लाल पातळ रक्त मात्र वेगळं, त्यासाठी निघा.

तारीख उलटून कळा आणायची वेळ आली तर डॉक्टर मान तपासून पाच गोष्टींना गुण देतात: किती उघडली, किती पातळ झाली, किती मऊ, पुढे आली का, आणि बाळाचं डोकं किती खाली. बिशप यांनी १९६४ साली मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. गुण आठाच्या वर असतील तर कळांचं इंजेक्शन लागू पडतं. सहा किंवा कमी असतील आणि थेट सलाइनमधून ऑक्सिटोसिन, म्हणजे तेच कळांचं औषध, चढवलं, तर पिशवी आवळते, मान मात्र दाद देत नाही; दिवसभर कळा, आणि संध्याकाळी सिझर. म्हणून आधी मान मऊ करायची असते: प्रोस्टाग्लँडिनच्या जेलने किंवा गोळीने, नाहीतर तोंडात फुगा असलेली फोलीची नळी ठेवून. 'आधी मान तयार आहे का?' हा प्रश्न तुम्ही विचारलात तर डॉक्टरांना आवडेल.

सगळं ठीक असलं तरी ३७ आठवड्यांच्या आत यांपैकी काहीही झालं तर घरी वाट बघत बसू नका: खालून पाणी गेल्यासारखं वाटणं (लघवीपेक्षा वेगळा वास, थांबवता न येणारं), रक्त, गुलाबी किंवा तपकिरी चिकट स्राव, ओटीपोटात खाली काही उतरल्यासारखा दाब, दहा-पंधरा मिनिटांनी येऊन जाणारी कंबरदुखी किंवा पोट दगडासारखं कडक होणं. २४ ते ३४ आठवड्यांत बाळ लवकर येण्याची चिन्हं दिसली तर त्याच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात (डेक्सामिथासोन ६ मि.ग्रॅ., बारा-बारा तासांनी चार वेळा). तो कोर्स पुरा व्हायला वेळ लागतो, म्हणून तासाभराचीही किंमत असते. निघताना जिथे लहान बाळांचा अतिदक्षता विभाग आहे असं रुग्णालय गाठा; गाडी नसेल तर १०८. दोन्ही रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद एका पिशवीत, दाराच्या मागे, आजच टांगून ठेवा. पण आत्ता आधी तो फोन.